आत्या दीपगृहावर चढते

गल्लीत लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. शिवणकाम करायची. माप घेताना तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या तरी बोलणं थांबायचं नाही, आणि हळू बोलली तरी समोरच्या दुकानात ऐकू जायचं. त्याला कारण होतं. तिचे वडील बंदरासमोरच्या बेटावर दीपगृहाचे राखणदार. तिचं लहानपण लाटांच्या गाजेत गेलं. तिथं ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकूच यायचं नाही.

पुढे दिवा आपोआप लागायला लागला, वडिलांची बदली किनाऱ्यावर झाली आणि बेट पाखरांसाठी राखीव झालं. कित्येक वर्षं तिथं कुणाला पाऊल टाकू देत नसत. यंदा दीपगृहाची डागडुजी झाली, मोजक्या माणसांना नेणारी बोट सुरू झाली, तशी भाचेसून म्हणाली, "आत्या, तुमचं माहेर दाखवा की मला."

बोटीतून उतरल्यापासून आत्याची टकळी सुरू. इथं कोंबड्या होत्या, इथं भावाचा दात पडला. बरोबरची वनरक्षक मुलगी शेवटी म्हणाली, "आजी, जरा हळू. अंड्यांवरची पाखरं उठतात."

जुन्या घरापाशी आत्या सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली, तर दाराला दोरी बांधलेली.

"आत नाही जाता येणार. चुलीत घरटं आहे."

"माझ्या आईच्या चुलीत?"

"खिडकीतून बघा."

राखाडी पाखरू पंख पसरून बसलं होतं, एक डोळा आत्यावर रोखून. भाचेसुनेला वाटलं, आता हिचं बिनसणार. पण आत्या चक्क कुजबुजली, "बसू दे बाई. आईलाही स्वयंपाकाच्या वेळी कुणी आत आलेलं खपायचं नाही."

दीपगृहाच्या दाराशी वनरक्षक म्हणाली, "वरचं तर तुम्हाला पाठच असेल."

"वर मी कधी गेलेच नाही. भाऊ तेलाचे डबे घेऊन जायचा. मला बाबा म्हणायचे, तुझं काय काम वर? दिवसदिवस ते वरच. खाली आम्ही जगतो की मरतो, त्यांच्या गावीही नसायचं."

हे भाचेसून पहिल्यांदाच ऐकत होती.

गोल जिना अरुंद. अर्ध्यावर आत्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मग ती पायरीवर बसली आणि बसल्या बसल्याच, उलटी, एकेक पायरी वर सरकू लागली. मागून येणाऱ्यांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी जिना पुसत येते."

वर सगळे समुद्र बघत होते. आत्यानं कठड्याला धरून खाली पाहिलं. थेट पायांखाली घराचं मागचं अंगण. कपडे धुवायचा दगड, विहीर, भिंतीआडचा तो कोपरा, जिथं ती आईची नजर चुकवून खेळायची. सगळं तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं.

मग तिनं मान वळवून छताखाली टांगलेल्या जुन्या घंटेकडे पाहिलं.

"काय झालं, आत्या?"

"अगं, मी विहिरीच्या काठावर चढले की वरून घंटा वाजायची. मला वाटायचं, जहाजांसाठी वाजतेय."

भाचेसुनेनं तिचा हात धरला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, बोटवाल्यानं भोंगा वाजवेपर्यंत.

निघताना वनरक्षक म्हणाली, "पिल्लं उडाली की स्वयंपाकघर उघडतो आम्ही. तेव्हा या."

"येऊ की," आत्या म्हणाली. "डबा आणू, चुलीपाशी बसून जेवू."

"बेटावर खायला बंदी आहे, आजी."

"मग घरून जेवून येऊ. बसायला तर बंदी नाही ना?"