डायलिसिस संपल्यावरची वेळ

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

मोताळ्यात पप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, तांब्याची नवी तार गुंडाळायची. गिऱ्हाइकाशी गप्पा मारतानाही त्यांचे वेढे चुकत नसत. किडन्या गेल्या, बुलढाण्याला एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, तरी मधल्या दिवशी ते दुकान उघडायचे. डायलिसिसच्या दिवशी मात्र — मशीनवरून उठले की डोकं बधिर. शेजाऱ्याचं नावही आठवायचं नाही. रात्रभर झोपले की सकाळी पुन्हा पहिल्यासारखे. मला हे माहीत होतं. सोबत मीच जायचे.

आईला शुगर, म्हणून तिची चालणार नव्हती. किडनी माझी जुळली. मी हो म्हटलं होतं — सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार?

नवे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर जन्मभर गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, पेशंटचं डोकं शाबूत हवं. त्यांच्याशी बोलून बघतो. कधी बोलू?

उद्या, एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं — आज, डायलिसिस संपल्यावर.

पप्पांना वार सांगता आला नाही. डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारलं, हे नेहमीच असे असतात का? म्हणजे हे डायलिसिसमुळे तर नसेल, ही शंका त्यांनाही आली होती. मी इंग्रजीतच म्हटलं, हो, घरीही असेच. पप्पा माझ्याकडे बघून हसत होते. सिस्टरला म्हणाले, "पाहा, माही पोरगी कशी फाडफाड बोलते डॉक्टरसंगं."

पेशंटचं डोकं शाबूत नाही म्हणून ऑपरेशन राहिलं. आई म्हणाली, "घरी तं चांगले असतात ना व?" मी म्हटलं, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

"बरं झालं माय, तुह्या पोटाले चिरा नाही पडला," पप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं — "आता माह्या हातून कोनाची मोटार बिघडली तं?" दुकान त्यांनी स्वतःच बंद केलं.

मला भीती वाटली होती, हे खरं. पण ती नुसती बोलून दाखवली असती, तर पप्पांनीच ऑपरेशन नको म्हटलं असतं — आणि दुकान चालू राहिलं असतं. हेही मला तेव्हाच माहीत होतं.

आता मधल्या दिवशीही ते ओट्यावर नुसते बसून असतात. कुणी काही विचारलं — जेवले का, आज कोणता वार — की आधी माझ्याकडे बघतात.

उत्तर मी देते.