सौंसरच्या खोलीत केलेला पहिला चाकू

मध्य प्रदेशातल्या सौंसरमधला एक रविवार आठवतोय. ऐंशीचं दशक, नोकरीचं पहिलं वर्ष. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी तिथल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून लागले होते... स्टाफमध्ये बाई मी एकटीच.

शनिवारी संध्याकाळी बाकीचे नागपूरच्या बसने घरी जायचे. मला जाण्यासारखं घर उरलं नव्हतं, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. सोमवारी वर्गात शनिवारनंतरचं पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागायचा, इतकंच सांगते.

म्हणून रविवार घालवायला चाकू करायला घेतला. वर्कशॉपमधली बाद झालेली एक कानस मागून आणली. भाड्याच्या खोलीमागच्या अंगणात शेगडीत लाल केली आणि राखेत हळूहळू निवू दिली, म्हणजे पोलाद मऊ पडतं. मग दुसऱ्या कानशीने घासत पात्याचा आकार काढला.

पहिलं पातं कडक व्हावं म्हणून तापवून पाण्यात बुडवलं आणि बारीक 'टिक' ऐकू आलं. धारेपासून वर तडा. इतक्या पातळ पात्याला पाणी सोसत नाही... वाचलेलं होतं, तरी केलं.

कानशीच्या उरलेल्या तुकड्याचं दुसरं पातं केलं, ते तापवून फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात बुडवलं. मग तव्यावर वाळू घालून, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत शेकलं, नाहीतर ते काचेसारखं ठिसूळ राहतं. मूठ संत्र्याच्या वाळक्या फांदीची केली.

जळक्या तेलाचा वास गल्लीभर गेला असणार. दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकू दारात उभ्या.

"मॅडम, तुमी चाकू बनवून राहिल्या म्हंते?"

"हो."

"लोकं इचारून राहिले जी. एकटी पोरगी, तिले कोनाचं भेव हाय? का कोनाचा काटा काढाचा हाय?" शेवटचं त्या हसून बोलल्या. मी हसले नाही. मग हळूच म्हणाल्या, "आमचे हे म्हनून राहिले, मॅडमले दुसरी खोली पाहू द्या."

एकट्या बाईला तिथे कोणी सहज खोली देत नसे. ही मिळेपर्यंत किती दारांवरून परत आले होते ते मलाच माहीत. तरी मी फक्त "बरं" म्हणाले... खुलासे करायची सवय नव्हती.

पुढच्या रविवारी धार लावून झाली. चाकू पुसला आणि सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या विळीवर वांगी चिरत होत्या. त्यांना चाकूची काही गरज नव्हती, हे दिसतच होतं.

"तुमच्यासाठी केलाय," म्हणाले. वर्कशॉपमध्ये हत्यार देतात तसा पुढे केला, मूठ त्यांच्याकडे.

काकूंनी हात मागे घेतला.

"हातात नोका देऊ मॅडम. खाली ठेवा."

ठेवला. खोली गेली, असं समजून वळले.

"थांबा न. धारेची वस्तू हातात देल्ली का भांडन होते. पांढुर्न्याले माह्या बहिनीनं अडकित्ता असाच हातात देल्ला होता. अजून बोलत नाई आमी."

मग त्यांनी फरशीवरून चाकू स्वतः उचलला. विळी पायाने बाजूला सारली, एक वांगं घेतलं... दोन फाका झाल्या.

"अजी," आत बसलेल्या काकांना हाक मारली, "मॅडमनं आपल्यासाठी चाकू बनवला. खोलीचं राहू द्या आता."

खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी माझ्या खोलीत परतले. उरलेला रविवार इतर रविवारांसारखाच गेला, कोणाशी न बोलता.

खाली ठेवायची ती रीत आमच्याकडेही होती, वर्कशॉपच्या सवयीत मी ती विसरले होते. पण आपल्याशी भांडण होऊ नये असं त्या गावात कोणाला तरी वाटतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं... त्यासाठी काकूंचे आभार मानायचे राहूनच गेले.