लिंब थोरल्याचा, पिंपळ धाकट्याचा

बलभीमअण्णा आणि त्यांची विधवा भावजय बनाबाई यांचं वाटणीपत्र लिहिताना महारुद्रनं एकाच झाडाचे दोन मालक करून ठेवले. महारुद्र म्हणजे ही गोष्ट लिहिणाराच. साल एकोणऐंशी. लोहाऱ्याहून नुकताच मॅट्रिक होऊन आलेला, वळणदार अक्षर एवढंच भांडवल. अर्ज असो की आहेराची यादी, गावात त्यालाच हाक जायची, आणि तोही पेनाला टोपण न लावता हिंडायचा.

झाड बांधावर होतं. मूळचं कडुलिंबाचं. त्याच्या बेचक्यात कधीतरी पाखरानं पिंपळाचं बी टाकलं. पिंपळ तिथंच रुजला, त्याच्या मुळ्या लिंबाच्या पोकळ बुंध्यातून खाली जमिनीत गेल्या, आणि पन्नासेक वर्षांत दोघं असे काही एकजीव झाले की एकाची साल कुठं संपते ते मुंग्यांनाही कळत नसावं. चैत्रात एकाच डोक्यावर लिंबाचा मोहर आणि पिंपळाची तांबूस पालवी.

बैल, औत, भांडी सगळं वाटून झालं आणि झाडापाशी पंच अडले. महारुद्रला शाळेतलं वनस्पतिशास्त्र आठवलं. जाती वेगळ्या, तर झाडं वेगळी. त्यानं ऐटीत लिहिलं : 'बांधावरील लिंब थोरल्या वाट्यास, पिंपळ धाकट्या वाट्यास.' पंचांनी माना डोलावल्या. दाराआड पदर ओढून बसलेली बनाबाई थोरल्या जावेला, मथुराबाईला, हळूच म्हणाली, "अक्का, बुंधा एकच हाय म्हणावं."

थोरल्या दिरापुढं बोलायची रीत नव्हती, आणि मथुराबाईनं ते पुढं सांगितलं नाही. महारुद्रच्या कानावर मात्र पडलं होतं. पण ओळ खोडली असती तर कागद विद्रूप दिसला असता. शिवाय बनाबाईची म्हैस नुकतीच व्याली होती, आणि लिहिणावळ म्हणून तिनं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्यात खरवस भरून त्याच्यापुढं ठेवला होता. तो डबा बगलेत मारून गप घरी गेला.

बनाबाईला पोरबाळ नव्हतं. नवरा मच्छिंद्र बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला आणि तापानं गेला. राहिली ती म्हैस. तिला ती 'बाई' म्हणून हाक मारायची आणि तिच्याशी दिवसभर बोलायची. दाराआड बसून जेवढं गिळलं होतं ते सगळं तिच्यापुढं ओकायची. गावात डेअरी निघाली तशी दोन्ही वेळचं दूध घालायची. म्हशीला ऊन सोसत नाही. सावली नसली की ती धापा टाकते आणि दूध आटतं. बनाबाईच्या खोपटात म्हैस मावत नव्हती, पण झाड होतं. दुपारभर म्हैस त्याच्याखाली आणि बनाबाई म्हशीच्या पाठीला टेकून.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलेला असताना, सोसायटीच्या गोदामाला तुळया लागल्या. बलभीमअण्णा तेव्हा चेअरमन. भर बैठकीत त्यांनी आपला लिंब देऊन टाकला.

करवतीवाला महांतप्पा कर्नाटकाकडचा. त्यानं झाडाला दोन फेऱ्या मारल्या, बुंध्यावर हात फिरवला आणि मान हलवली. म्हणाला, पिंपळाला आपण करवत लावत नाही, आणि लिंब काढला तर पिंपळाला पाय राहत नाहीत. अण्णांनी वाटणीपत्र काढून दाखवलं, तसा तो लिंबापुरता तयार झाला. अक्षर खरंच सुरेख होतं.

त्या दिवशी बनाबाई पहिल्यांदाच दिरापुढं बोलली, पदर नाकापर्यंत ओढून. "भाऊजी, उन्हाळाभर थांबा. म्हस मरंल माझी."

"मी कुठं तुझ्या पिंपळाला हात लावायलाव?" अण्णा म्हणाले. "कागदात काय हाय? त्येच करायलाव."

ते खोटं बोलत नव्हते, हीच अडचण होती. जमलेल्यांत महारुद्रही होता. चूक माझी, एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. त्यानं तो घेतला आणि सोडून दिला.

दोन दिवस करवत चालली. लिंब गेला, त्याच्या पोटातल्या पिंपळाच्या मुळ्याही करवतीखाली गेल्या. उरला तो पिंपळ बाहेरच्या दोन-चार मुळ्यांवर बुजगावण्यासारखा उभा. आठवड्यात पानं करपली आणि पहिल्याच वावटळीत तो म्हशीच्या दाव्याशेजारी आडवा झाला. म्हैस वाचली. पण उन्हानं महिन्याभरात दूध आटलं, आणि वैशाख सरता सरता बनाबाईनं तिला लोहाऱ्याच्या बाजारात नेऊन विकली. परत येताना रिकामं दावं तिच्या खांद्यावर होतं.

आता ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडते, नवऱ्यानं फोडली तशीच. महारुद्र तिला तिथं भेटला. म्हणाला, "काकू, तहसीलला अर्ज लिहून देतो. कागद चुकला म्हणून."

"झाड परत हुबं ऱ्हातंय का?" ती हातोडा न थांबवता म्हणाली. "न्हाय ना? मग ऱ्हाऊ दे. माझा डबा तेवढा आणून दे, बाबा. भाकर आणायला लागायलाय."

डबा शोधायला लागला नाही. महारुद्रच्या आईनं त्यात मोहरी ठेवली होती. तिनं तो रिकामा केला, घासला, उंबऱ्याशी आणून ठेवला. पण भरून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. आणि त्यात घालावं असं त्या दिवसांत घरात काही नव्हतं. दूध तर गावातच नव्हतं. दोनदा तो उंबऱ्यापर्यंत आला, दोनदा आत गेला. आता पुन्हा त्यात मोहरी आहे.

बनाबाई भाकर फडक्यात बांधून नेते.