माझी एस्ट्रेंज्ड बायको

माझे साडू उमेशराव हे अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या पोटात जळजळ होते.

तसं त्यांनी माझं काही घोडं मारलेलं नाही. माझ्या धाकट्या मेहुणीशी लग्न केलं, एवढाच काय तो गुन्हा. पण मी पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा आणि ते कॉम्प्युटर कंपनीत! कात्रजला सासुरवाडीत सगळे जमलो आणि त्यांचा मोबाइल वाजला, की सासूबाई धावत जाऊन मिक्सर बंद करायच्या. “गप्प बसा रे, उमेशरावांना अमेरिकेचा फोन आलाय!” माझा वाजला की, “दिनकरराव, जरा गॅलरीत जाऊन बोलता का? सीरियल चालू आहे.”

फरक कशाचा? इंग्रजीचा! मी त्याच आठवड्यात इंग्रजी पेपर लावला.

पेपरवाल्याने दोनदा विचारलं, “साहेब, तुमच्याच घरी टाकायचा ना?” (बिबवेवाडीत राहूनही हा माणूस सदाशिव पेठेत शोभला असता.) कारखान्यातल्या एका जाणत्या सहकाऱ्याने कानमंत्र दिला होता, “डिक्शनरी अजिबात उघडायची नाही. शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून काढायचा. तरच तो मुरतो.”

मी रोज सकाळी गॅलरीत बसून शब्द मुरवू लागलो. त्यातला एक मला फार आवडला. एस्ट्रेंज्ड! अमुक उद्योगपतीची एस्ट्रेंज्ड वाइफ, तमुक हीरोची एस्ट्रेंज्ड वाइफ. फोटोत गळ्यात मोत्यांचा सर आणि मागे परदेशी गाडी. गरिबाच्या बायकोला कोणी एस्ट्रेंज्ड म्हटलेलं मला कुठेच आढळलं नाही. म्हणजे आपल्याकडे कसं ‘सौभाग्यवती’ म्हणतात, तसंच काहीतरी भारदस्त असणार. दुसरा शब्द अलेज्ड. तोही सदा बड्या लोकांच्याच बातम्यांत. दोन्ही शब्द मी राखून ठेवले.

संधी आली ती उमेशरावांच्या वास्तुशांतीला. मांजरीला त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता. (आमचं अख्खं घर मावेल एवढा तर नुसता त्यांचा हॉल!) त्यांचे अमेरिकन साहेब सपत्नीक आले होते. सासूबाई ज्याला त्याला सांगत होत्या, “आमचे उमेशराव बघा कसे फाडफाड बोलतायत!” माझ्याच्याने राहवेना. मी बायकोला, सुनंदाला, स्वयंपाकघरातून ओढत आणलं.

“अहो, हाताला कणीक आहे!”

“असू दे. नुसती हसत उभी राहा.”

साहेबांसमोर जाऊन मी खणखणीत आवाजात म्हणालो, “सर, मीट माय एस्ट्रेंज्ड वाइफ!” सुनंदा गोड हसली. मुलगी मुक्ता बाजूलाच उभी होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणालो, “अँड धिस इज माय अलेज्ड डॉटर!”

साहेबांचा चेहरा पडला. प्रभाव पडतोय, हे मी ओळखलं.

“ओह! आय ॲम सॉरी,” ते म्हणाले.

“नो सॉरी, सर! आय ॲम व्हेरी प्राउड!”

“पण तुम्ही अजून एकाच घरात राहता?” त्यांनी इंग्रजीत चाचरत विचारलं.

“येस सर! वन बीएचके!”

त्यांनी माझा खांदा दाबला. तिकडे मॅडमनी सुनंदाचे कणकेचे हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “बी स्ट्राँग!” सुनंदाला नुसतं ‘स्ट्राँग’ ऐकू आलं. तिने लगबगीने जाऊन त्यांच्यासाठी कडक चहा आणला. मॅडमना आणखीच भरून आलं.

जेवणं होतात न होतात तोच उमेशराव घाबरेघुबरे माझ्याकडे आले. “दिनकरराव, तुमचं आणि ताईंचं बिनसलंय का? मॅडम विचारतायत, एवढ्या सोशिक बाईला नवऱ्याने का टाकलं?”

“टाकलं?” सासरे कडाडले. निवृत्त हेडमास्तर ते! त्यांनी उमेशरावांच्या कपाटातली जाडजूड डिक्शनरी मागवली, चष्मा चढवला आणि भर पाहुण्यांत वाचून दाखवलं, “एस्ट्रेंज्ड म्हणजे दुरावलेली, विभक्त.” पानं उलटली. “अलेज्ड म्हणजे कथित. नुसताच दावा, पुरावा नाही.”

सुनंदाने हात धुतले, पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “कथित मुलगी? माझी मुक्ता कथित?”

“अगं, मोठ्या लोकांच्यात म्हणतात असं...”

ती वडिलांकडे वळली. “अण्णा, मी तुमच्याबरोबर कात्रजला येतेय.”

झालं! जो शब्द चुकून बोललो होतो, तो संध्याकाळपर्यंत खरा झाला. मुक्ताही आईबरोबर गेली. जाताना विचारून गेली, “बाबा, शाळेच्या डायरीवर सही कोणाची घेऊ?”

आठवडाभर मी खिचडी खाल्ली. फोन केला की सासूबाई म्हणायच्या, “जरा थांबा, मिक्सर चालू आहे,” आणि तो काही केल्या बंद व्हायचा नाही. शेवटी माझ्याबरोबर कात्रजला मनधरणीला कोण आलं? उमेशराव! माझ्या वतीने ते तासभर बोलले, तेही शुद्ध मराठीत. ते इतकं सुंदर बोलले, की सासूबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “माणूस असावा तर असा!” माझा समेट चालला होता आणि कौतुक त्यांचं! मी जळत बसलो होतो.

तेवढ्यात आतून सुनंदा आली. हातात इंग्रजी पेपर! आठवडाभर रोज सकाळी अण्णांशेजारी बसून, डिक्शनरी उघडून, तिने तो वाचला होता. आता जळायला घरचंच माणूस मिळालं.

मला नखशिखांत न्याहाळून ती म्हणाली, “येते मी घरी. पण तुम्ही ना, अगदी इन्कॉरिजिबल आहात.”

उमेशरावांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. सुधारण्यापलीकडे गेलेल्या माणसाला तसं म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मात्र मी उठून उभा राहिलो, सासूबाईंकडे एक विजयी नजर टाकली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, “थँक यू!”