ओसरीवरचं ताट

मजीद मास्तरांना राग येतो, हे औरंगाबादेत फक्त त्यांच्या बायकोला, जोहराला माहीत होतं. राग आला की ते चिंच आणि राख घेऊन आपली पितळी शिट्टी घासत बसत. शिट्टी जितकी चकचकीत, तितका आठवडा वाईट गेला असं जोहरा समजायची.

पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते वीस वर्षांचे होते. नंतरच्या वर्षभरात गल्लीतल्या मोठ्या माणसांनी पोरांना एकच गोष्ट शिकवली, आवाज खाली ठेवा. मास्तरांनी खाली ठेवला तो ठेवलाच. शाळेत शिकवतानाही मागच्या बाकावरच्या पोराला कान टवकारावे लागत.

पण शाळकरी वयात लागलेलं स्काऊटचं वेड काही गेलं नव्हतं. खेड्यापाड्यांतल्या शाळांत नवी पथकं निघू लागली, तेव्हा त्यांना हात धरून चालवायला माणूस हवा होता. मास्तर आपणहून पुढे झाले. दर रविवारी सायकल काढायची, पिशवीत दोर, झेंडा, दोन भाकरी आणि निघायचं. कधी फुलंब्रीकडे, कधी जालन्याच्या सडकेने. तीन वर्षांत सात पथकं उभी केली आणि त्यातली चार मेली. त्या चारपैकी एका गावात हेडमास्तरांची बदली झाली आणि पथक त्यांच्या ट्रंकेसोबतच गेलं. बाकी तीन गावांनी स्काऊट म्हणजे फुकटचे गडी ठरवले. सभा असली की सतरंज्या घाला, पुढारी आला की उन्हात उभे राहा. मास्तरांची शिट्टी घासून घासून पातळ व्हायची पाळी आली.

आठवं पथक करमाडच्या पुढे, सडकेपासून आत असलेल्या एका गावातलं. गावाचं नाव राहू दे. सोळा पोरं, आठ-आठांचे दोन संघ. पुंजाराम गुरुजी नावाचे तरुण शिक्षक पथक सांभाळत. एका संघाचा नायक होता मांगवाड्यातला कडूबा. त्याचा बाप केकताडाच्या पानांचा वाख काढून दोर वळायचा, त्यामुळे गाठींच्या बाबतीत पोरगं मास्तरांच्याही पुढे. पहिल्याच रविवारी त्यानं मास्तरांची गाठ हातात घेऊन म्हटलं होतं, "सर, ही बैलानं वढली की सुटंल." आणि ओढून दाखवलं, तर सुटली. मास्तर खुश झाले. घरी येऊन जोहराला सांगितलं, "यह पथक नहीं मरेगा."

दीक्षेचा रविवार ठरला. त्या दिवशी शपथ घ्यायची आणि मग गळ्यात स्कार्फ. शपथेआधी स्कार्फ गळ्यात घालायचा नाही, हा नियम मास्तरांनी पोरांना दहादा सांगितला होता. जोहराने सोळा स्कार्फ शिवून दिले, मास्तरांनी ते शाळेच्या कपाटात ठेवले.

त्या रविवारी अकराच्या सुमाराला मास्तर पोचले, तर शाळेपुढे चिटपाखरू नाही. झेंड्याची काठी भिंतीला टेकलेली. कपाट उघडं. आत एकच स्कार्फ.

गावात वाजंत्री वाजत होती. नानासाहेबांच्या पुतणीचं लग्न. नानासाहेब गावचे मोठे जमीनदार, शाळेची जागाही त्यांनीच दिलेली. मास्तर मांडवात शिरले आणि जागीच थांबले. पंगत बसली होती आणि त्यांची पोरं स्कार्फ घालून तांबे घेऊन वाढत होती. एकाने स्कार्फ सोडून त्यात वरणाचं गरम पातेलं धरलं होतं.

पुंजाराम गुरुजी हसत आले. "सर, बघा! रोज एक तरी चांगलं काम करा, म्हणत होता ना तुम्ही? आज येकदम पंधरा जणांनी केलं."

"पंधरा. आणि सोळावा?"

गुरुजी पंगतीकडे बघायला लागले. "त्याला बैलांकडं ठिवलंय. पाहुणे लई हायेत सर. पाण्याला हात लागला आसता तर उगं बोंबाबोंब झाली आसती."

"स्कार्फ दिला होता त्याला?"

"दिला व्हता. मग... घेतला माघारी."

मास्तरांचा हात शिट्टीकडे गेला. तेवढ्यात नानासाहेबांची नजर गेली. "या, या मास्तर! जेवून घ्या. तुमचं ताट ओसरीवर मांडलंय, नेहमीसारखं."

मास्तर वळले आणि सरळ मांडवामागच्या शेतात गेले. तिथे पाहुण्यांचे बैल बांधले होते आणि कडूबा एका खोंडाचं दावं नीट करत होता.

"तू गुरुजींना काही बोलला नाहीस?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "तू संघनायक आहेस. विचारायचं होतंस!"

कडूबा दाव्याकडेच बघत म्हणाला, "काय इचारू सर? तुमी बी वसरीवरच बसता की."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरं होतं ते सांगितलं.

दोन महिने दर रविवारी नानासाहेबांच्या घरी मास्तरांचं ताट वेगळं पडत होतं. घरातली माणसं आत बसत आणि मास्तर ओसरीच्या टोकाला. पेलाही वेगळा, जेवण झाल्यावर त्यांनीच विसळून कोनाड्यात पालथा घालायचा. पथक रुजू दे आधी, असं म्हणून ते घास गिळत होते आणि समोर अंगणात पोरं उभी असत. पोरांना नियम शिकवला होता, प्रत्येक स्काऊट दुसऱ्या स्काऊटचा भाऊ. पण पोरं तो पेला बघत होती. चार पथकं गावकऱ्यांनी मारली, असं ते म्हणत आले होते. हे पाचवं त्यांनी स्वतः जेवता जेवता मारलं होतं.

नानासाहेबांचा राग आला, गुरुजींचा आला, पण स्वतःचा आला तसा कुणाचाच नाही.

त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. तीन लांब शिट्ट्या. असाल तिथून, असाल तसे या, असा त्यांचा अर्थ.

वाजंत्री थांबली. मांडवातून तांबे खाली आदळल्याचे आवाज आले आणि पोरं धावत निघाली. सगळी नाही. कुणाच्या बापाने दंड धरला, कुणाला आईने पदराआड घेतलं. नऊ आली.

मागोमाग नानासाहेब. "मास्तर, पंगत बसलीय माझी! पाव्हणे पाण्यावाचून बसलेत!"

"मग तुम्ही वाढा," मास्तर म्हणाले. एवढा मोठा आवाज आपल्या छातीत आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. दोन बैल बिथरले. "पोरं माझी आहेत. तुमच्या घरी दोन महिने कोपऱ्यात बसून जेवलो, ती माझी चूक. ती आज संपली!"

"परत या गावात पाय ठिवू नका!"

"शपथ झाली की निघतो."

आणि शपथ झाली, तिथेच, बैलांच्या मधोमध. काठी नव्हती म्हणून झेंडा गाडीच्या जुवाला बांधला. गाठ कडूबाने मारली. मास्तरांनी आलेल्या पोरांचे स्कार्फ आधी काढून घेतले आणि शपथ घेतल्यावर एकेकाच्या गळ्यात परत घातले. कपाटातला सोळावा त्यांनी खिशात घालून आणला होता, तो कडूबाला. मग कडूबाने बैलांसाठी भरलेल्या घागरीतून मास्तरांच्या ओंजळीत पाणी ओतलं. मास्तर प्याले. पाठोपाठ पाच पोरं प्याली. चार नाही प्याली, खाली बघत उभी राहिली. त्या चौघांना खाली बघायला आपणच शिकवलंय, हे मास्तरांना आता कळत होतं.

घरी जोहराने विचारलं, "कितने हुए?"

"दस."

पथक महिन्याभरात बंद पडलं. गुरुजींनी कपाटाला कुलूप घातलं. मास्तरांच्या विरोधात अर्ज गेला आणि त्यांना बोलावून समजही देण्यात आली. ती त्यांनी ऐकून घेतली.

पण पुढे नव्या गावात पथक काढायला गेले की मास्तर दोर पिशवीतून काढायच्या आधी म्हणत, "पोरं पाणी पितात तो माठ कुठंय? सगळी एकाच माठातून पितात का? मग मलाही त्यातलंच द्या." पाच गावांनी त्यांना चहा पुढे करून वाटेला लावलं. चहाची बशी वेगळी दिसली की ते न पिताच उठत. सहाव्या गावात हेडमास्तर स्वतः माठाकडे गेले आणि पोरांच्याच पेल्यातून पाणी घेऊन आले.

मास्तरांनी तेव्हा पिशवीतून दोर काढला.