पाचवी खिडकी

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी टेपबाई जुन्या रेडिओंच्या दोन उतरंडींमधून आडव्या होऊन आत शिरल्या.

"उभं कुठं राहू?"

"तिथंच. एक पाय त्या डब्यावर ठेवा, स्क्रूंचा आहे, हलायचा नाही," घरमालक म्हणाले.

बँकेसाठी घरांचं मूल्यांकन करण्याचं काम बाई तेवीस वर्षं करताहेत. घरमालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. दुकान बंद झालं तेव्हा दुकान घरात आलं, आणि मग गल्लीनं टाकलेलंही येत राहिलं. त्यांच्या डोक्यावरची तुळई मधोमध वाकली आहे. महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती सुरू झाली नाही तर घर रिकामं करा, अशी नगरपालिकेची नोटीस आहे. दुरुस्तीला कर्ज हवं आणि कर्जाला बाईंचा अहवाल. तो उद्या अकराच्या आत बँकेत पोचला नाही तर अर्ज बाद.

"घर सुटलं तर बाबांना आम्ही नेऊ हो," दारात उभी असलेली सून म्हणाली. "पण आमच्या दोन खोल्यांत त्यांचे नुसते स्क्रू मावतील."

"स्क्रूंना सोडून मी कुठंही जायचा नाही," सासरे म्हणाले.

बाईंनी टेप ओढली. ऑफिसातले बाकीचे लेझरनं मापतात, बटण दाबतात आणि निघतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाईंनीही तसंच एका घरात मापलं होतं. लेझरचा ठिपका कापडाच्या गठ्ठ्यांवर पडला आणि खोली कागदावर चार फुटांनी आखूड झाली. त्या कुटुंबाचं काम वर्षभर अडलं. तेव्हापासून नियम एकच: टेपचं टोक भिंतीला टेकल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. टेपबाई हे नाव त्यामुळंच पडलं.

पुढच्या दोन खोल्या झाल्या. बाई कुठंच टेकल्या नाहीत. टेकायला जागा नव्हतीच, पण असती तरी टेकल्या नसत्या. त्यांचं स्वतःचं घर इतकं मोकळं आहे की बहीण म्हणते, तुझ्याकडं यायचं तर खुर्ची बरोबर आणावी लागते. एवढ्या सामानात त्यांचा जीव गुदमरतो. दर दोन मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. कोपर लागून वर्तमानपत्रांची एक थप्पी डुलली, तशी घरमालकांनी अंगानं ती अडवली.

मागच्या खोलीत टेप सहा फुटांवर अडली. पुढं छतापर्यंत खोकी.

"काका, घराला खिडक्या किती?"

"चार."

"आत येताना मी घराला चक्कर मारली. बाहेरून पाच आहेत."

"बाहेरून काय, काहीही दिसतं. मी जन्म काढलाय इथं."

"बाबा, पाच आहेत."

"तू गप्प बस. तू लग्न होऊन आलीस तेव्हाही चारच होत्या."

मग त्यांचा सूर खाली आला. "बाई, एवढ्या एका खोलीचं अंदाजानं लिहा ना. कोण बघतंय?"

"मी बघते. भिंतीपर्यंत पोचले नाही तर 'खोली पाहता आली नाही' असं लिहीन. बँक अर्ज परत पाठवेल."

"मग?"

"मग काय, आधी खिडक्या मोजून या."

ते एकाच पायात चप्पल घालून बाहेर गेले. बोटानं मोजलं. उलट्या बाजूनं पुन्हा मोजलं. पाचव्या खिडकीची काच त्यांनी बाहीनं पुसली आणि तिथंच थांबले. काचेला आतून चिकटून एक लाकडी रेडिओ उभा होता. डायलवर लाल चिकटपट्टी.

"ही पट्टी माझ्या हातची," ते म्हणाले. "हा शेजाऱ्यानं चोरला असं समजून मी त्याच्याशी अकरा वर्षं बोललो नाही."

सुनेनं कपाळाला हात लावला. "आता सांगा त्यांना."

"आधी खिडकी."

आत येऊन त्यांनी अटी घातल्या. मला दाखवल्याशिवाय एकही वस्तू घराबाहेर जाणार नाही. वाट मी सांगेन त्याच बाजूनं निघेल.

"मला दोन फूट रुंद वाट हवी, भिंतीपर्यंत," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "बाकी तुमचं घर आहे."

"आणि तुम्ही परत येणार?"

"येणारच. भिंतीला टेप काय तुम्ही लावणार?"

साडेदहाला पहिलं खोकं अंगणात आलं. घरमालक लगेच ते उघडून बसले. सुनेनं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि दुसरं आणायला सांगितलं. ते उठले, दोन पावलं गेले, पुन्हा खोक्याकडं वळले. दुसरं खोकं यायला वीस मिनिटं लागली. एकूण खोकी किती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

टेपबाईंची रोजची पहिली भेट नऊची असते. उद्याची सव्वाआठला आहे, याच घरी. बँक साडेदहाला उघडते.