साहेबांची सुटलेली ओळ

तमाम रायपूरकर मराठी जनांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, गेल्या रविवारी आमच्या वाचक मंडळात एका चांदीच्या वाटीचा अठरा वर्षं रखडलेला निकाल लागला. न्यायाधीश नव्हते. चहा होता, आणि सदर बाजारातून आणलेली गरम कचोरी.

वाटी साहेबांच्या घरची. साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष. माझी विधवा मावशी त्यांच्याकडे पोळ्या करायची. पोळ्यांपलीकडेही दोन वर्षं काही चाललं होतं, ते तिनं फक्त मला सांगितलं. मग एक दिवस वाटी मावशीच्या फडताळात सापडली. बायकोसमोर साहेब म्हणाले, "मी कशाला देईन?" झालं. खरं बोलावं तर चोराहून वाईट नाव पडणार, म्हणून मावशी गप्प बसली. पुरानी बस्तीतली सगळी कामं गेली, आणि ती शहराबाहेर बीरगांवला राहायला गेली.

यंदा मंडळानं अभिवाचनाला एक जुनी, गाजलेली कादंबरी निवडली. घरंदाज, बायकामुलं असलेला मालक, त्याची मोलकरीण आणि चक्क चोरीचा आळ आणणारी वाटी! मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. आमच्याकडे भूमिका चिठ्ठ्या काढून ठरतात. चिठ्ठीला बाई-बुवा कळत नाही, असा नियम. चिठ्ठ्या करायचा मान माझा. साहेबांपुढे धरलेल्या डब्यात सातही चिठ्ठ्या 'मोलकरीण' होत्या. मालकाची चिठ्ठी आधीपासून माझ्या मुठीत.

दुसरा नियम असा, की श्रोत्यांनी पुस्तक उघडून बसायचं आणि वाचणाऱ्यानं काही गाळलं की "ओळ सुटली!" म्हणून ओरडायचं. यात साहेबांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या बाईंचा, हात कुणी धरत नाही. एक स्वल्पविराम सोडत नाहीत.

मावशीला मी जवळजवळ ओढतच रिक्षात बसवलं.

"मले काहून नेऊन राहिली तू? तो असंन तिथं!"

"म्हणूनच तर."

ती शेवटच्या रांगेत, तोंडावर पदर ओढून बसली.

मी, मिशी नसलेला मालक, गरजले, "ही वाटी कुठून आणलीस?"

मोलकरीण झालेले साहेब घाम पुसत म्हणाले, "मी चोर नाही, मालक." आणि थेट पुढचं पान उलटलं.

"ओळ सुटली!" पहिल्या रांगेतून बाई.

साहेबांनी चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला. "मी चोर नाही, मालक." पुन्हा पुढचं पान.

"अहो, सुटली म्हणते ना! दुसऱ्यांदा!"

"इथली छपाई पुसट आहे."

"माझ्या पुस्तकात तर चांगली ठळक आहे."

"मग बाई, तुम्हीच वाचा," मी मालकाच्याच आवाजात फर्मावलं. इतकी मजा मला स्वतःच्या लग्नातही आली नव्हती.

बाई खणखणीत वाचू लागल्या, "वाटी तुम्हीच हातात दिली होती, मालक. आता बाईसाहेबांसमोर गप्प का?"

मागं खुर्ची सरकली. मावशी उभी होती, तोंडावरचा पदर बाजूला केलेला. बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. साहेब अजून त्या पुसट छपाईतच बघत होते.

बाईंनी पुस्तक मिटलं.

"अहो, म्हणजे आपली वाटीसुद्धा तुम्हीच दिली होती?"